सापांसाठीचे उंदीर: जिवंत पिल्लं फ्रीझरमध्ये ठेवणं थांबवूया

कवड्या

साप पाळणाऱ्यांच्या गप्पांत कात कशी एकसंध निघाली, रंग कसा खुलला, पिल्लू किती वाढलं यावर भरभरून बोलणं होतं. त्या सापाच्या पोटात गेलेला उंदीर कसा मेला, यावर मात्र सगळे गप्प असतात. म्हणून हा धागा काढतोय.

साप पूर्ण मांसाहारी आहे. त्याला दुसरं काही चालत नाही, त्यामुळे उंदीर मरणार हे ठरलेलंच आहे. पण जंगलात साप स्वतः शिकार करतो आणि आपल्याकडे ती निवड आपण करतो: कुठला उंदीर, कधी, कसा. त्या मरणाची जबाबदारी सापावर टाकता येत नाही.

घरी उंदीर वाढवणाऱ्यांमध्ये दोन पद्धती सर्रास दिसतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिली, मोठे उंदीर डब्यात घालून त्यात व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून कार्बन डायऑक्साइड वायू सोडायचा. दुसरी, अंगावर केसही न आलेली गुलाबी पिल्लं पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवायची. "थंडीने झोपेतच जातात, कळतसुद्धा नाही," असं त्यावर सांगितलं जातं. हे खरं नाही.

आधी मोठ्या उंदरांचं बोलू. कार्बन डायऑक्साइड वापरायचा तर तो सिलिंडरमधलाच हवा, आणि सिलिंडरला रेग्युलेटर आणि फ्लोमीटर (वायू किती वेगाने येतो ते दाखवणारं साधन) दोन्ही हवेत. सगळा खेळ वायू कोणत्या वेगाने भरतो यावर आहे. हा वायू नाकातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल तयार करतो. साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या पुढे ते झोंबतं, दुखतं. म्हणून वायूने आधीच भरून ठेवलेल्या डब्यात उंदीर टाकायचा नाही. उंदीर आत असताना हळूहळू वायू सोडायचा, म्हणजे दुखण्याइतकं प्रमाण होण्याआधी त्याची शुद्ध जाते. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत उंदीर-घुशींसाठी (घुशी म्हणजे इथे रॅट, मोठ्या जातीचे उंदीर) दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के इतका वेग दिलेला आहे. म्हणजे डबा २० लिटरचा असेल तर मिनिटाला ६ ते १४ लिटर. फ्लोमीटर नसेल तर हा आकडा पाळणं अशक्य आहे. सोडा-व्हिनेगरमध्ये वेगावर ताबा नसतो, वर आम्लाचे तुषार उडतात. कोरड्या बर्फाचं, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, तापमान उणे ७८ अंश, तो अंगाला लागला तर भाजतं. आग विझवायच्या नळकांड्याचा झोत थंडगार आणि कर्णकर्कश असतो. ही तिन्ही साधनं या कामाची नाहीत.

डबा पारदर्शक असावा, आतलं दिसलं पाहिजे. गर्दी करू नका. शक्य असेल तर ज्या पिंजऱ्यात ते राहतात त्याच पिंजऱ्यावर झाकण बसवून वायू सोडा. नवी जागा, अनोळखी उंदीर, प्रखर उजेड यानेच ते निम्मे घाबरतात. उंदीर आणि मोठ्या जातीच्या घुशी एकत्र ठेवू नका, घुशी उंदरांची शिकार करतात. एक गट झाला की डबा धुऊन मगच दुसरा गट.

श्वास थांबला म्हणजे मेला असं धरू नका. वायू आणखी काही मिनिटं चालू ठेवा. मग छातीवर बोट ठेवून ठोके तपासा, डोळ्याला हलका स्पर्श करून पापणी हलते का पाहा. त्यानंतरही मानेचा मणका निखळवून खात्री करून घ्यावी. वायूने बेशुद्ध झालेला उंदीर बाहेरच्या हवेत पुन्हा श्वास घेऊ लागल्याच्या घटना घडतात, आणि असा उंदीर फ्रीझरमध्ये जागा होणं याहून भयंकर काही नाही.

तुमच्यासाठीही एक सूचना: हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, जमिनीलगत साचतो. बंद खोलीत, बाथरूममध्ये, तळघरात हे काम अजिबात करू नका.

पिल्लांचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे. त्यावर माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेल्यांनी लिहावं.

नवीकात

खूप गरजेचा धागा. माझ्याकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आहे, त्यामुळे सध्या फक्त गुलाबी पिल्लंच लागतात. मला ज्यांनी साप पाळायला शिकवलं त्यांनी फ्रीझरचाच मार्ग सांगितला होता. पिल्लं इतकी लहान असतात, डोळे मिटलेले, ओरडतही नाहीत. थंड रक्ताच्या प्राण्यासारखी ती गारठून शांत होतात असं त्यांचं म्हणणं. यात नेमकं चूक काय आहे ते कुणी समजावून सांगेल का?

रानजाई

नवीकात, मी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीचं काम करते. हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"ओरडत नाहीत" हे आपल्या कानांचं म्हणणं आहे. उंदराचं पिल्लू आईपासून दूर झालं, गारठलं की हाका मारतं, पण त्या हाका बहुतेक ३० किलोहर्ट्झच्या वर असतात. माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. आईला मात्र ती हाक ऐकू येते आणि ती पिल्लाला तोंडात धरून घरट्यात परत आणते. थंडी वाजली की आईला बोलावणं ही त्या जिवाची जन्मजात यंत्रणा आहे. म्हणजे फ्रीझरमध्ये आपल्याला जी शांतता वाटते, तिथे पिल्लू बहुधा ओरडत असतं.

दुसरं, वेदना. नवजात पिल्लाला दुखत नाही असं पूर्वी मानलं जायचं, आता तसं मानत नाहीत. वेदनेचे संदेश वर नेणारे मज्जातंतू जन्मतःच काम करतात. मेंदूकडून खाली येऊन वेदना थोपवणारी यंत्रणा मात्र तेव्हा पुरती तयार झालेली नसते. म्हणजे मोठ्या उंदरापेक्षा त्याला जास्त दुखण्याचीच शक्यता आहे. घरच्या फ्रीझरमध्ये गारठायला वेळ लागतो, आणि अंगात बर्फाचे कण तयार होताना वेदना होऊ शकतात. म्हणूनच शुद्धीवर असलेल्या प्राण्याला असं गोठवणं कुठलंही जबाबदार मार्गदर्शक तत्त्व मान्य करत नाही. आणि "थंड रक्ताचा प्राणी" हा युक्तिवाद तर साप-सरड्यांच्या बाबतीतही आज मान्य नाही.

आता लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट. पिल्लांसाठी कार्बन डायऑक्साइडही सोपा उपाय नाही. गर्भात ऑक्सिजन कमी असतो, त्याची सवय घेऊनच पिल्लू जन्माला येतं. मोठा उंदीर काही मिनिटांत मरतो, तिथे एक दिवसाचं उंदराचं पिल्लू मरायला ५० मिनिटांपर्यंत लागू शकतात. घुशीच्या नवजात पिल्लाला साधारण ३५ मिनिटं. वय वाढेल तसा हा वेळ कमी होतो आणि दहा दिवसांच्या पुढे मोठ्या उंदराच्या जवळपास येतो. पाच-दहा मिनिटं वायू देऊन, हालचाल थांबली म्हणून पिल्लं फ्रीझरमध्ये टाकली, तर त्यातली कित्येक जिवंत असतात.

म्हणून पिल्लांसाठी आम्ही शारीरिक पद्धतच वापरतो: धारदार, स्वच्छ कात्रीने एका झटक्यात मान वेगळी करणं. वाचायला क्रूर वाटतं. पण पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. कात्री बोथट असता कामा नये, हात थरथरता कामा नये. पिल्लं घरट्यातून एकदम सगळी बाहेर काढून ठेवू नका. मऊ, उबदार कापडात ठेवा आणि एकेक घ्या. आईला आधी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा. ज्याला हे करवत नाही त्याने ते करू नये, खात्रीच्या ठिकाणाहून आधीच मारून गोठवलेली पिल्लं घ्यावीत. त्यात कमीपणा काही नाही.

नवीकात

३० किलोहर्ट्झचं वाचून सुन्न झालो. मी स्वतः पैदास करत नाही, तयार गोठवलेली पिल्लंच आणतो. पण ती कशी मारली हे विचारायचं कधी सुचलंच नाही. आता विचारणार. नक्की काय विचारावं?

कवड्या

मोठे उंदीर कशाने मारता, पिल्लं कशाने मारता, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. "सगळं वायूने" असं उत्तर आलं तर पिल्लांना किती वेळ वायू देता ते विचारा. ज्याला हे काम नीट माहीत आहे तो उत्तर देताना चिडत नाही. "ते तुम्हाला काय करायचंय" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. उंदीर कसे ठेवले आहेत, दाटीत आहेत का, खाणं काय देता हेही विचारा. चांगल्या खाण्यावर वाढलेला, पोट भरलेला उंदीर सापाच्याही भल्याचा.

निशाचर

थोडा वेगळा सूर लावतो. निसर्गात साप जिवंतच खातो. अजगर उंदराला विळखा घालतो तेव्हा रक्तप्रवाह काही सेकंदांत थांबतो, म्हणजे तेही झटपटच झालं. मग माणसाने कात्री, वायू, डबे यांचा एवढा खटाटोप का करावा? जिवंत उंदीर सोडला की सापाची शिकारीची वृत्तीही शाबूत राहते.

कवड्या

निशाचर, विळखा नीट बसला तर तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. बोआ जातीच्या सापांवर २०१५ साली झालेल्या अभ्यासातही दिसलं की विळख्यात मृत्यू गुदमरून नाही तर रक्ताभिसरण थांबल्याने येतो, आणि लवकर येतो.

पण "निसर्गात" हा शब्द इथे लागू होत नाही. निसर्गात उंदराला पळायला जागा असते. काचेच्या पेटीत ती नसते. आणि साप भुकेला नसला, कात टाकायच्या बेतात असला, तापमान चुकलेलं असलं, तर तो उंदराकडे बघतही नाही. उंदीर मात्र तासन्‌तास शिकाऱ्याच्या वासात कोंडलेला राहतो. घाबरलेला, भुकेला उंदीर मग सापालाच कुरतडतो. पाठीचे मणके उघडे पडलेले, डोळा गेलेले साप पशुवैद्यांकडे येतात ते असेच. चाव्याची जखम चिघळली तर साप मरतोही.

शिकारीच्या वृत्तीचं म्हणाल, तर चिमट्यात धरलेला कोमट, मेलेला उंदीर जरासा हलवला तरी साप तितक्याच जोमाने झडप घालतो आणि विळखाही घालतो. त्याची काहीच वृत्ती हरवत नाही.

दगडफूल

मला कार्बन डायऑक्साइडबद्दलच शंका आहे. उंदरांना निवड दिली तर ते तो वायू थोडासा असतानाही त्यापासून दूर पळतात. म्हणजे दुखण्याआधीच त्यांना भीती वाटते. तरीही आपण त्याला दयाळू पद्धत म्हणतो, हे मनाला पटत नाही. मी तरी मानेचा मणका निखळवण्याच्या बाजूने आहे.

रानजाई

दगडफूल, तुमची शंका रास्त आहे आणि या क्षेत्रात हा वाद खरोखर चालू आहे. शुद्ध जाईपर्यंतचे ते क्षण उंदरासाठी वाईट असतात, हे मी नाकारणार नाही. मला ही पद्धत निर्दोष वाटत नाही. अनेकांच्या हाताला झेपेल अशी त्यातल्या त्यात बरी पद्धत आहे, इतकंच म्हणेन.

मणका निखळवणं नीट जमलं तर वायूपेक्षा जलद आहे, यात शंका नाही. पण "नीट जमलं तर" हीच मेख आहे. अर्धवट झालं तर उंदीर जिवंत, लुळा आणि प्रचंड वेदनेत राहतो. अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत उंदीर आणि २०० ग्रॅमपेक्षा हलक्या घुशींनाच ही पद्धत चालते. त्याहून मोठ्या घुशीची मान जाड असते, हाताने ते होत नाही. शिकायचं तर पशुवैद्याकडून किंवा रोज हे काम करणाऱ्याकडून, समोर उभं राहून शिका. पहिला सराव मेलेल्या उंदरांवर करा. चित्रफीत पाहून जिवंत प्राण्यावर पहिला प्रयोग करायचा नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आणखी एक. मारण्याआधी उंदीर उचलता कसा, यालाही तितकंच महत्त्व आहे. बहुतेक जण शेपटीला धरून उचलतात. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की शेपटीने उचललेले उंदीर माणसाला घाबरून राहतात, तर ओंजळीत किंवा नळीतून उचललेले आपणहून जवळ येतात. पिंजऱ्यात पुठ्ठ्याची नळी ठेवा. उंदीर त्यात शिरला की नळीसकट उचला. काही खर्च नाही, आणि त्या प्राण्याच्या शेवटच्या दिवसाची निम्मी भीती कमी होते. घुशी घाबरल्या की २२ किलोहर्ट्झच्या आसपास इशारा देतात, तोही आपल्याला ऐकू येत नाही, पण शेजारच्या पिंजऱ्यातल्यांना येतो. म्हणून हे काम बाकीच्या उंदरांपासून दूर, वेगळ्या खोलीत करा.

दगडफूल

पटलं. नळीची गोष्ट माहीत नव्हती, उद्यापासून तसंच करणार. मानेच्या बाबतीत मी शिकूनच करतो, पण नवख्यांना लगेच तो सल्ला द्यायला नको हे मान्य.

हिरवी_घोणस

एक धोक्याची सूचना जोडते, कारण यात साप जाऊ शकतो. पाळीव उंदीर आजारी पडला आणि पशुवैद्यांनी त्याला इंजेक्शन देऊन मारलं, तर तो सापाला कधीही देऊ नका. ते औषध मांसात राहतं आणि खाणाऱ्यालाही मारू शकतं. क्लोरोफॉर्म, ईथरचंही तेच, शिवाय उंदरासाठी त्या पद्धती त्रासाच्या आहेत. कार्बन डायऑक्साइडचा असा अवशेष मागे राहत नाही, सापाच्या खाद्यासाठी तो वापरण्याचं हे मोठं कारण आहे.

घरात-अंगणात सापळ्यात सापडलेला उंदीरही नको. त्याने कुठलं विष खाल्लंय ते कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी उंदरांची औषधं त्याच्या यकृतात बरेच दिवस टिकतात. जंत, गोचिडी वेगळेच. चिकट सापळा आणि बुडवून मारणं याबद्दल तर बोलायलाच नको, ते क्रूर आहेत आणि कुठल्याही कारणाने समर्थनीय नाहीत.

नवीकात

हे सगळं वाचून गोठवलेलं पिल्लू पुन्हा कोमट करण्याची रीतही नीट समजून घ्यावीशी वाटते. मी आत्तापर्यंत थेट गरम पाण्यात टाकत होतो. आणि माझं पिल्लू कधी कधी तोंड फिरवतं. तेव्हा जिवंत द्यायचा मोह होतो.

हिरवी_घोणस

मोह आवरा, उपाय आहेत.

मोठा उंदीर असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गुलाबी पिल्लाला एवढा वेळ लागत नाही. मग हवाबंद पिशवीत घालून साधारण ४० अंशांच्या पाण्यात ठेवा. पाणी निवलं की बदला. उकळतं पाणी नको, पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर नकोच: बाहेर थंड, आत भाजलेला असा उंदीर सापाचं तोंड आणि अन्ननलिका पोळतो. पोटावर बोट दाबून पाहा, आत बर्फाचा कडकपणा लागला तर अजून वेळ द्या. आतून गोठलेला उंदीर गिळला तर साप तो उलटून टाकतो, आणि उलटीनंतर त्याला सावरायला बरेच दिवस लागतात.

अजगराच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता कळते. त्यामुळे बॉल पायथनला देताना उंदराचं डोकं अंगापेक्षा जरा जास्त कोमट हवं. कॉर्न स्नेकला तशा खाचा नाहीत, तो मुख्यतः वासावर जातो. पिल्लू तोंड फिरवत असेल तर मेलेल्या गुलाबी पिल्लाच्या डोक्याला सुईने छोटं छिद्र पाडून द्या, त्या वासाने बहुतेक कॉर्न स्नेक तयार होतात. संध्याकाळी, अंधारात, लपायच्या जागेजवळ ठेवा आणि निघून जा. सकाळी शिल्लक असेल तर टाकून द्या, पुन्हा गोठवायचं नाही.

आकारही पाहा. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त, एवढंच. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घेऊ नका.

आणि निरोगी, वजन टिकवून असलेला मोठा बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. नुकत्याच अंड्यातून आलेल्या पिल्लाला तेवढी सवड नसते, पण त्यालाही एक-दोन वेळा नाही म्हटलं म्हणून धोका नाही. आधी तापमान आणि लपायची जागा तपासा. वजन उतरायला लागलं तर पशुवैद्यांकडे जा.

निशाचर

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जखमांचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता. एक शंका: गोठवलेला उंदीर किती दिवस चालतो?

कवड्या

मी सहा महिन्यांच्या पुढचा वापरत नाही. गोठवलेल्या साठ्यात हळूहळू ई जीवनसत्त्व कमी होतं आणि चरबी खवट होते. पिशवीतली हवा काढून टाका, मारल्याची तारीख लिहा, जुनं आधी वापरा. गोठवताना उंदीर सरळ, सपाट ठेवा, शेपटी अंगाला धरून. वेडावाकडा गोठलेला उंदीर गिळताना सापाला अडचण येते.

रानजाई

साठवणुकीवरून: गोठवल्याने साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारे जंतू) मरत नाही. अमेरिकेत २०१० आणि २०१४ मध्ये गोठवलेल्या खाद्य-उंदरांमुळे माणसं आजारी पडली, ब्रिटनमध्ये २०१५ पासून शेकडो जणांना अशीच लागण झाली. त्यात लहान मुलं बरीच होती. त्यामुळे माणसांचं अन्न असलेल्या कप्प्यात उंदीर नकोत, वेगळा झाकणाचा डबा करा. कोमट करायचं भांडं, चिमटा, कात्री यांना स्वयंपाकघरात जागा नाही, आणि ते भांडं तिथल्या सिंकमध्ये धुवायचंही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांनी उंदीर, साप आणि ती भांडी हाताळू नयेत. मोठ्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे.

नवीकात, तुम्ही विक्रेत्याशी बोललात की इथे लिहा. पिल्लांना वायू किती वेळ देतात हे त्यांनी सांगितलं, तर इथल्या पुष्कळ जणांना त्याचा उपयोग होईल.

नवीकात

बोललो. मोठ्यांसाठी सिलिंडर आणि फ्लोमीटर आहे, पिल्लांना मात्र मोठ्यांइतकाच वेळ वायू देऊन फ्रीझरमध्ये टाकत होते. ५० मिनिटांचं त्यांना माहीतच नव्हतं. चिडले नाहीत, उलट पिल्लांसाठी शारीरिक पद्धत शिकायची तयारी दाखवली. रानजाई, त्यांनी विचारलंय की अंगावर लव आलेल्या, आठ-दहा दिवसांच्या पिल्लांनाही कात्रीच वापरायची का?

रानजाई

त्या वयाला आधी वायूने पूर्ण बेशुद्ध करायचं आणि मग लगेच शारीरिक पद्धतीने खात्री करायची. फक्त वायूवर सोडायचं नाही. डोळे उघडल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मोठ्या उंदरांचीच पद्धत, शेवटच्या तपासणीसकट. त्यांना कात्री चालवायला जवळच्या पशुवैद्यांकडे प्रत्यक्ष शिकायला सांगा, आणि तोवर त्यांच्याकडून गुलाबी पिल्लं घेऊ नका.